बेवारस खेळांचे वारस

अमेरिकेतील ट्रॉयका गेम्स या लहानशा संस्थेने 'व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स' हा संगणकावरील खेळ १६ नोव्हेंबर २००४ रोजी विक्रीस काढला आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्या संस्थेचे दरवाजे कायमचे बंद झाले. खेळ घाईने उरकलेला होता, दोषांनी भरलेला होता आणि मुहूर्तही असा की, त्याच दिवशी 'हाफ-लाइफ २' हा त्या काळातील अत्यंत गाजलेला खेळ बाजारात उतरला. हा मुहूर्त ट्रॉयकाने आपण होऊन निवडला नव्हता. 'हाफ-लाइफ २' ज्या यंत्रणेवर उभा होता तीच यंत्रणा ट्रॉयकाने व्हॉल्व्ह कंपनीकडून घेतली होती आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा खेळ येण्यापूर्वी 'ब्लडलाइन्स' विकता येणार नाही, अशी करारातील अट होती. गावच्या पाटलाकडे लग्न असावे आणि त्याच दिवशी, त्याच गल्लीत गरिबाच्या घरचेही लग्न निघावे, तसे झाले. वऱ्हाड कोणीकडे गेले हे सांगावयास नको. संस्थेतील बहुतेकांना घरी बसावे लागले. उरलेल्यांपैकी काहींनी पगाराविना दोष दुरुस्त करण्याची खटपट केली. डिसेंबरात एक अधिकृत दुरुस्ती निघाली आणि मग सारे थंडावले.

बाजाराच्या हिशेबाने येथे एका मालाचा शेवट झाला. परंतु ज्या थोड्या लोकांनी तो माल विकत घेतला होता त्यांना तो टाकून देण्याजोगा वाटला नाही. त्यांच्यापैकी एकाने सुरू केलेले दुरुस्तीचे काम जर्मनीतील एका रसायनशास्त्रज्ञाने आपल्याकडे घेतले आणि फावल्या वेळात, कोणाकडून एक पैसा न घेता, ते दोन दशके चालविले. आज हा खेळ कोठेही चर्चिला जातो, नव्या खेळाडूला आवर्जून सुचविला जातो, तो या माणसाच्या दुरुस्तीसह. ती न बसविता मूळ तबकडीवरचा खेळ खेळू नये, असा सल्ला जाणकार सर्वप्रथम देतात.

एखाद्या छंदिष्टाचे वेड म्हणून ही हकीकत हसण्यावारी नेता येईल. वस्तुतः ती एकट्याची नाही. १९९० नंतरच्या दीड दशकात निर्माण झालेल्या या जातीच्या खेळांपैकी जे आज जिवंत आहेत, त्यांतील अनेकांना अशाच बिनपगारी हातांनी जगविले आहे. ज्या कंपन्यांच्या नावावर हे खेळ आहेत त्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांनी ते सांभाळले. आणि तरीही कायद्याच्या लेखी सांभाळणारा हा आगंतुक आहे. मालकाची मर्जी आहे तोवर ओसरीवर बसावे, मर्जी फिरली की उठावे, एवढाच त्याचा अधिकार. ही स्थिती न्यायाची नाही, आणि खेळांच्याही हिताची नाही.

हे खेळ कोणते, याचा थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. कारण संगणकावरील खेळ म्हटला की आपल्याकडे अद्याप पोराटोरांची धडाधड गोळ्या झाडण्याची करमणूक एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल व फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एकाने सूत्रधार व्हायचे आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन, स्वतःच्या निर्णयांनी, पुढचे कथानक घडवीत न्यायचे. पुढे सूत्रधाराचे काम संगणकाकडे आले आणि भूमिकाप्रधान खेळांचा, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्सचा, संप्रदाय निर्माण झाला. 'फॉलआउट' (१९९७), 'बाल्डर्स गेट' (१९९८), 'प्लेनस्केप : टॉरमेंट' (१९९९), 'मॉरोविंड' (२००२) हे त्यातील मानाचे टप्पे. मारामारी त्यांत आहेच; पण त्यांचा कणा संवादांचा आहे. काय बोलावे, कोणाची बाजू घ्यावी, कोणाला फसवावे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे आणि त्याची फळे त्यानेच भोगायची.

'ब्लडलाइन्स'चे उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिस शहरात लपूनछपून वावरणाऱ्या रक्तपिपासूंच्या कुळांचे हे कथानक आहे. खेळणाऱ्याला आरंभीच आपले कूळ निवडावे लागते. त्यांतील माल्केव्हियन हे वेड्यांचे कूळ. ते निवडले की खेळातले आपल्या वाट्याचे सारे संवाद बदलतात. भाषा कोड्यांची होते. रस्त्यावरील थांब्याच्या पाटीशी हुज्जत घालता येते. आणि गंमत अशी की, या वेड्याच्या बडबडीत पुढच्या कथानकाचे धागे आधीच विणलेले असतात. पहिल्या खेपेस जे वाक्य निरर्थक म्हणून हसून सोडून दिले ते दुसऱ्या खेपेस भाकीत ठरते. एकाच खेळासाठी लेखकांनी संवादांची ही दुसरी संहिता लिहिली, तीही अशा खेळासाठी की जो पुरा होण्यास वेळच मिळाला नाही. जी कृती दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा हाती घेतल्याशिवाय पुरती उलगडत नाही, तिची जात पुस्तकाला जवळची आहे, हे मान्य करावे लागेल. तिच्याभोवती वाचक जमावेत, त्यांनी पाठांतर करावे, पाठभेदांवर भांडावे, हे मग ओघानेच येते.

या भक्तांनी मूळ खेळात केलेल्या फेरफाराला 'मॉड' म्हणतात आणि दोष काढण्यासाठी केलेल्या दुरुस्तीला 'पॅच', म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. ठिगळ म्हटले की दारिद्र्य आठवते. पण गोधडीत ठिगळ हेच वस्त्र असते, आणि काही जुन्या खेळांची आता गोधडीच झाली आहे.

त्यांतील सर्वांत मोठी गोधडी 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागाची. हा खेळही २००४ च्याच डिसेंबरातला. पहिला भाग २००३ मध्ये बायोवेअर या संस्थेने केला होता. दुसरा ऑब्सिडियन या नव्या संस्थेकडे आला. लुकासआर्ट्स ही प्रकाशक कंपनी नाताळचा हंगाम गाठावयास उत्सुक होती आणि जेमतेम सव्वा वर्षाच्या आसपास सारे आवरावे लागले. परिणाम असा झाला की, क्रेया नावाच्या एका वृद्धेच्या तोंडून धर्म, अधर्म आणि दयेचे दुष्परिणाम यांवर असामान्य संवाद ऐकविणारा हा खेळ शेवटाकडे येता येता, अखेरच्या अंकाची पाने गहाळ झालेल्या नाटकासारखा कोसळतो. सोबतीची पात्रे एकाएकी दिसेनाशी होतात. यंत्रमानवांच्या कारखान्याचा वारंवार उल्लेख होतो आणि तो कारखाना कधी येतच नाही.

मात्र कापलेला मजकूर फेकून दिलेला नव्हता. नटांनी ध्वनिमुद्रित केलेली वाक्ये, अर्धवट रचलेले प्रसंग, आज्ञावलीचे तुकडे हे सारे तबकडीवर तसेच पडून होते. खेळणाऱ्यांपैकी काहींनी ते हुडकले. कोणते वाक्य कोणत्या प्रसंगातले, कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर असावे, हे जुळवीत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि २०१२ च्या सुमारास या पुनःस्थापित आवृत्तीला बरेचसे पक्के रूप आले. कारखाना परत आला. पात्रांना आपापले शेवट मिळाले. त्यात नव्याने लिहिलेले फारच थोडे आहे. जे लेखकांनी लिहिले होते, नटांनी बोलले होते आणि व्यापाऱ्याच्या घाईने जे गिळले होते, ते या मंडळींनी बाहेर काढले.

मराठी वाचकाला ही कामाची जात अनोळखी वाटू नये. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पोथ्यांत अपपाठ शिरले आणि काही उत्साही मंडळींनी पदरच्या ओव्याही घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी तो पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात स्वतःची ओवी घालू नये, असे निक्षून बजावून ठेवले. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. ज्या श्लोकांना पोथ्यांचा आधार अपुरा पडला ते त्या संपादकांनी नष्ट केले नाहीत. पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत छापले, की ज्याला पाहावयाचे त्याने पाहावे. रक्तपिपासूंच्या खेळासाठी एवढी थोर नावे कशाला काढता, असे म्हणून कोणी नाक मुरडील. तुलना ग्रंथाची ग्रंथाशी नाही. ती शिस्तीची शिस्तीशी आहे. शिवाय एक फरक हौशी मंडळींच्या बाजूने आहे. पोथी झाली तरी ती डोळ्यांनी वाचता येते. संगणकीय खेळाची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्या कपाटात बंद असते. बाहेर येते ते यंत्रालाच कळेल असे रूप. तेव्हा हे लोक पोथी समोर नसताना पाठशुद्धी करीत होते, असेच म्हटले पाहिजे.

एकनाथांना पडलेला पेच यांनाही चुकलेला नाही. 'ब्लडलाइन्स'चे दोष काढता काढता त्या जर्मन गृहस्थाने कापलेले प्रसंग परत आणले. मग जे कापलेले नव्हते पण असते तर बरे झाले असते, असेही काही त्यात येऊ लागले. येथे ठिणगी पडली. दुरुस्ती कोठे संपते आणि क्षेपक कोठे सुरू होतो? काही भक्त संतापले. दुसऱ्या एका गटाने 'खरी' दुरुस्ती म्हणवणारी आपली वेगळी आवृत्ती काढली. कटू शब्दांची देवाणघेवाण झाली. बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल, परंतु त्यातून निघालेला मार्ग पोरकट नाही. एकाच दुरुस्तीचे दोन पर्याय ठेवण्यात आले. साधा पर्याय केवळ दोष काढतो. अधिक पर्याय वगळलेले व वाढविलेलेही देतो. कोणता घ्यावा, ते घेणाऱ्याने ठरवावे. पुण्याच्या पंडितांनी पानाखाली रेघ मारून जे साधले तेच येथे, कोणी शिकविले नसताना, साधले गेले.

आता या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडते ते पाहू. जुने खेळ विकणाऱ्या पोलंडमधील जीओजी या दुकानाने २०१६ मध्ये 'ब्लडलाइन्स' विक्रीस ठेवला तो ही अनधिकृत दुरुस्ती आत घालूनच. विक्रीचा पैसा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांच्याकडे आणि दुकानाकडे जातो. यात बेकायदा काही नाही, कोणाची फसवणूकही नाही. दुरुस्ती करणाऱ्याने ती फुकटच दिली होती. 'हौसेला मोल नाही' असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीचा व्यापारी अर्थ मात्र असा निघतो की, दुसऱ्याच्या हौसेला मोल द्यावे लागत नाही.

याहून बोलके उदाहरण 'स्टार वॉर्स'च्या त्या दुसऱ्या भागाचेच आहे. अ‍ॅस्पायर या कंपनीने तो जून २०२२ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आणला. जाहिरातीत आश्वासन होते की, हौशी मंडळींनी पुनःस्थापित केलेला मजकूर पुढे विनामूल्य मिळेल. म्हणजे अठरा वर्षांपूर्वीचा खेळ विकण्यासाठी जे आकर्षण पुढे केले ते चाहत्यांच्या कष्टाचे! खेळ आला तो असा की, एका टप्प्यावर तो हमखास बंद पडे आणि पुढे जाताच येत नसे. कंपनीला तशी कबुली द्यावी लागली. वर्षभराने, जून २०२३ मध्ये, पुनःस्थापित मजकूर येणार नसल्याचे जाहीर झाले आणि ग्राहकांना भरपाई म्हणून दुसरा एखादा खेळ फुकट देऊ करण्यात आला. पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियात याबद्दल दावा दाखल झाला. ग्राहकांच्या नुकसानीची निदान न्यायालयात वाच्यता तरी झाली. ज्यांच्या कामाचे नाव वापरले गेले, त्या हौशी मंडळींना दाद मागण्याजोगी जागाच नव्हती.

मग या लोकांना पैसे का देऊ नयेत, असा प्रश्न साहजिकच निघतो. तोही प्रयोग झाला आहे. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी 'स्कायरिम' या २०११ मधील खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय केली. किमतीतील ३० टक्के व्हॉल्व्हला, ४५ टक्के बेथेस्डाला आणि २५ टक्के ज्याने मॉड तयार केला त्याला, अशी वाटणी ठरली. ज्याने केले त्याला चतकोर आणि ज्याने दुकान मांडून दिले त्याला त्याहून मोठा वाटा. चाहत्यांत असा क्षोभ उसळला की, निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि चार दिवसांनी, २७ एप्रिलला, योजना मागे घ्यावी लागली. मात्र या क्षोभाला सर्वस्वी न्याय्य म्हणता येणार नाही. वाटणीवरचा राग रास्त होता. पण अनेकांचा राग वाटणीवर नव्हताच. आजवर फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे पडणार, यावर होता. जो माणूस स्वतः महिनाअखेर पगार मोजून घेतो, त्याने दुसऱ्याच्या रात्रीच्या जागरणाला पावित्र्याचा मुलामा देऊन ते फुकटच राहिले पाहिजे म्हणून हट्ट धरावा, यात तत्त्वनिष्ठा थोडी आणि सोय फार आहे. बेथेस्डाने पुढे २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस वेगळ्या नावांनी तोच व्यवहार सुरू केला, तेव्हा विरोध पहिल्याएवढा तीव्र उरला नव्हता.

चाहत्यांचे इतरही दोष झाकण्याचे कारण नाही. ज्यांनी कंपनीच्या मालकी वृत्तीवर इतके कोरडे ओढले, त्यांच्यापैकी पुष्कळजण आपल्या मॉडवर तीच मालकी गाजवितात. मॉडांचे सर्वांत मोठे भांडार असलेल्या नेक्ससने जुलै २०२१ मध्ये असे ठरविले की, एकदा ठेवलेला मॉड कर्त्याला यापुढे समूळ पुसता येणार नाही. त्याची प्रत दप्तरी राहील. उद्देश जतनाचा होता. ज्यांना हे मान्य नसेल त्यांना आपले काम काढून घेण्यासाठी महिनाभराची मुदत मिळाली आणि कित्येकांनी खरोखरच वर्षांचे काम उचलून नेले. त्यांच्या मॉडवर इतरांचे मॉड उभे होते, तेही ढासळले. कंपनीने एखादा जुना खेळ बाजारातून काढला की 'आमचा वारसा बुडविला' म्हणून हाकाटी करायची आणि स्वतःवर वेळ आली की 'माझी वस्तू, माझी मर्जी' म्हणायचे, ही विसंगती आहे. ती मनुष्यस्वभावाला धरून आहे, एवढेच तिचे समर्थन.

परंतु दोन्ही पारड्यांत सारखे वजन आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. एकीकडे कायदा आहे, पैसा आहे, मूळ आज्ञावली आहे. दुसरीकडे फावला वेळ. 'फॉलआउट ४' या खेळावर लंडन शहराचे नवे कथानक रचणारी एक स्वयंसेवी मंडळी होती. एप्रिल २०२४ मध्ये ते प्रसिद्ध व्हावयाचे, तोच मूळ खेळात मोठा बदल करण्याचे कंपनीने जाहीर केले आणि त्या बदलाने या मंडळींचे काम मोडण्याची वेळ आली. 'फॉलआउट : लंडन' अखेर २५ जुलैला बाहेर पडला. येथे कोणी कोणावर सूड उगविला नाही. नऊ वर्षांचा खेळ कंपनीने सुधारला, हा तिचा हक्कच. मात्र त्या हक्काला समोरच्याला विचारण्याचे बंधन कसलेच नाही. महाराष्ट्रात कूळकायदा येण्यापूर्वी कुळाची जी स्थिती होती तीच ही स्थिती. जमीन कसावी, बांध घालावा, विहीर खणावी. आणि मालकाने मनात आणले की बैल सोडून चालू लागावे. १ एप्रिल १९५७ ला कृषकदिनी कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली, तशी मालकी हे चाहते मागत नाहीत. कसण्याला अपराध मानू नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

अपराध हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. अमेरिकेत संस्थांच्या मालकीच्या कृतींवरील स्वामित्वहक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने २००४ चा 'ब्लडलाइन्स' सर्वांसाठी मोकळा होईल तो १ जानेवारी २१०० रोजी. तोवर त्याची तबकडी वाचणारे यंत्र शिल्लक असेल काय? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. विकणार नाही आणि दुसऱ्यालाही सांभाळू देणार नाही, अशी ही गत आहे. संशोधकांना बंद पडलेले खेळ ग्रंथालयातून दूरवरून पाहता यावेत, एवढी माफक सवलत मागण्यात आली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. उद्योगाच्या वतीने मांडलेल्या आक्षेपांत एक असा होता की, अशी सवलत मिळाली तर लोक हे खेळ करमणुकीसाठी वापरतील! ग्रंथालयातून कादंबरी घरी नेणारा वाचक ती कशासाठी नेतो, अशी या मंडळींची समजूत आहे, कोण जाणे.

कंपन्यांच्या बाजूलाही काही तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. जुन्या खेळाची नवी, सजविलेली आवृत्ती काढण्याचा हक्क त्यांना हवा असतो आणि तो व्यर्थ नाही. 'बाल्डर्स गेट'ची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये बीमडॉगने काढली. 'ऑब्लिव्हियन' या २००६ च्या खेळाची नवी आवृत्ती बेथेस्डाने एप्रिल २०२५ मध्ये काढली. या दुसऱ्या प्रसंगी एक समंजस गोष्टही घडली. तोच खेळ 'स्कायरिम'च्या यंत्रणेवर नव्याने उभारण्याचे काम करणारी एक हौशी मंडळी अनेक वर्षे राबत होती; कंपनीने तिला नोटीस न धाडता नव्या खेळाच्या प्रती भेट दिल्या. औदार्य स्तुत्य आहे. पण औदार्यावर चाललेला व्यवहार हा व्यवहार नव्हे. उद्या अधिकारी बदलला की औदार्यही बदलते.

उपाय अवघड नाही, फक्त तो कोणाच्या तातडीच्या फायद्याचा नाही. जो खेळ हक्कधारकाने काही ठराविक वर्षे विक्रीस ठेवलेला नाही, त्याची दुरुस्ती करणे आणि ती दुरुस्ती विनामूल्य वाटणे हे कायद्याने निर्दोष मानावे. आणि खेळाची मूळ आज्ञावली प्रकाशनाच्या वेळीच एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात मोहोरबंद ठेवण्याचे बंधन घालावे. यात क्रांतिकारक असे काय आहे? भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यान्वये कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणची ग्रंथालये यांना द्यावीच लागते. त्याने कोणा प्रकाशकाचे दिवाळे निघाले नाही. चार पानांच्या पाकपुस्तिकेला जी सोय आहे ती शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या कृतीला बहुतेक देशांत सक्तीची नसावी, हे चमत्कारिक आहे.

मालकावर विसंबले तर काय होते याचा दाखला 'फॉलआउट'नेच दिला आहे. या संप्रदायातला हा मानाचा खेळ. त्याचे एक प्रमुख कर्ते टिम केन हे १९९८ मध्ये इंटरप्ले कंपनी सोडून गेले आणि पुढे ट्रॉयकाच्या संस्थापकांत आले. केन यांनी २०२५ मध्ये सांगितलेली हकीकत अशी की, कंपनी सोडताना त्यांच्याजवळची त्या खेळाची सारी सामग्री नष्ट करण्याची आज्ञा त्यांना झाली आणि त्यांनी ती पाळली. काही वर्षांनी त्याच कंपनीतून विचारणा आली : आमच्याकडची प्रत हरवली आहे, तुमच्याकडे आहे का?

ही हकीकत प्रसिद्ध झाल्यावर इंटरप्लेच्या एक संस्थापक रिबेका हाइनमन पुढे आल्या. १९९० नंतरच्या दशकात कंपनीच्या खेळांचा एक संग्रह काढताना त्यांच्या लक्षात आले होते की, आपल्याच जुन्या कामाच्या प्रती आपल्याकडे धड राहिलेल्या नाहीत. तेव्हापासून त्या हाती लागेल ती आज्ञावली तबकड्यांवर उतरवून ठेवीत गेल्या. 'फॉलआउट'ची मूळ आज्ञावली त्यांच्यापाशी होती. कोणी त्यांना ती जपावयास सांगितले नव्हते. ती प्रसिद्ध करावयाची तर खेळाचे हक्क आज ज्या बेथेस्डाकडे आहेत तिची अनुमती लागणार होती. हाइनमन नोव्हेंबर २०२५ मध्ये निवर्तल्या.